मायग्रेनमुळे मेंदूतल्या नसांमध्ये झालेले बदल एमआरआयमध्ये दिसतात का? घरच्यांना दाखवायला स्कॅन करून घ्यावा का?

प्रश्नाचा पहिला भाग वाचून पुढे जाणार होते, पण त्या "घरच्यांना दाखवायला"ने अडकले. कारण हाच उद्योग मी दोनदा केलाय आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलेय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, मी डोकं दाखवून केलं.

आधी सरळ उत्तर. डॉक्टर लिहून देतात त्या साध्या एमआरआयमध्ये मायग्रेन दिसत नाही. तो गाठ, रक्तस्राव, सूज असलं दुसरं काही नाही ना एवढं बघायला असतो. संशोधनासाठी करतात त्या स्कॅनमध्ये बदल दिसतात, पण ते तुमचे एकट्याचे म्हणून दाखवता येत नाहीत. हे शेवटचं वाक्य नीट कळायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून एवढं लिहितेय.

मला आठवीपासून अर्धशिशी आहे, ऑरावाली. म्हणजे आधी डोळ्यासमोर एक छोटासा चमकणारा डाग येतो, मग त्याची नागमोडी कड होते, ती वीस-पंचवीस मिनिटांत पसरत पसरत बाजूला निघून जाते आणि मग एका बाजूचं डोकं सुरू. आमच्या दादाला हे कधीच पटलं नाही. त्याचं एकच, जे मोजता येत नाही ते नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशीच कसं दुखतं, पाहुणे यायचे असले की कसं दुखतं, याचा हिशोब मात्र त्याच्याकडे तयार. तर पहिल्यांदा एमआरआय झाला तेव्हा मला बरं वाटलं होतं, की चला आता कागदावर येईल. रिपोर्ट आला, दादाने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि म्हणाला, "घ्या, डोक्यात काहीच नाहीये, हे तर मी लहानपणापासून सांगतोय." सगळे हसले. मीपण हसले, काय करणार, जोक चांगला होता. पण त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं डोकं धरून अंधाऱ्या खोलीत गेले की बाहेरून आवाज यायचा, "रिपोर्ट नॉर्मल आहे गं!"

तुम्ही "नसा" लिहिलंय, तो शब्दच घोळाचा आहे. हाताची नस म्हणतो तेव्हा आपल्याला रक्तवाहिनी म्हणायची असते आणि पाठीत नस दबली म्हणतो तेव्हा मज्जातंतू. दादाचं निदान कायम "शीर फुगते, बाकी काही नाही, पाणी पी आणि झोप". आता त्यालाच काय बोलायचं, डॉक्टर लोकांचंही कित्येक वर्षं तेच म्हणणं होतं. १९३८ मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ या डॉक्टरांनी एर्गोटामीन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) देऊन दाखवलं की कानशिलाजवळच्या धमनीचे ठोके जसे मंदावतात तसं दुखणंही उतरतं, आणि रक्तवाहिन्या फुगणं हेच कारण असं डोक्यात पक्कं बसलं. मग २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी अटॅक चालू असतानाच पेशंटच्या धमन्या एमआरआयमध्ये मोजल्या, तर कवटीच्या बाहेरच्या धमन्या दुखऱ्या बाजूला फुगलेल्याच नव्हत्या, आतल्या फुगल्या होत्या त्या पण किंचित. हे मी दादाला पाठवलं होतं. त्याने अंगठा दाखवला, तो चिडवणारा की कौतुकाचा ते मला अजून कळलेलं नाही.

दुसरा उद्योग म्हणजे मी एका संशोधनात व्हॉलंटिअर म्हणून गेले. मायग्रेनवाले आणि बिनमायग्रेनवाले असे दोन गट आणि सगळ्यांच्या मेंदूतल्या तंतूंचा स्कॅन, त्याला डिफ्युजन टेन्सर इमेजिंग म्हणतात. मज्जातंतूंच्या जुडग्यात पाण्याचे रेणू तंतूच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकायला त्यांना अडथळा होतो. मशीन हे सरकणं मोजतं आणि त्यावरून तंतू कुठून कुठे गेलेत, किती घट्ट आहेत याचा अंदाज बांधतात. थेट तंतूचा फोटो नाही निघत, गैरसमज नको. पण ती निळ्या-हिरव्या-लाल धाग्यांची चित्रं मी बघितली होती आणि माझ्या डोक्यात एकच, असं एक चित्र आपल्या डोक्याचं मिळवायचं आणि दादाला पाठवायचं. खाली काहीच लिहायचं नाही.

अट अशी होती की स्कॅनच्या आधी दोन दिवस आणि नंतर एक दिवस अटॅक नको, कारण त्यांना दोन अटॅकच्या मधला शांत मेंदू हवा होता. पहिली तारीख अटॅकमुळे गेली. दुसरीपण गेली. तिसऱ्या वेळी जमलं. कानात बोळे, तोंडावर पिंजऱ्यासारखी ती कॉइल, हलायचं नाही, आणि पाऊण तास ठकठक, घर्रर, मध्येच भोंगा वाजल्यासारखं, आवाजाने अर्धशिशी उठणाऱ्या माणसांना नेमकं त्याच मशीनमध्ये घालायचं ही आयडिया ज्याची कोणाची आहे त्याला नमस्कार. बाहेर आले तेव्हा ठीक होते. रात्री नऊला तो डाग आला. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे फोन आला, अटॅक आला का, मी खोटं बोलायचा विचार केला, खरंच केला, पण बोलले नाही. ते म्हणाले मग तुमचा स्कॅन या गटात धरता येणार नाही.

मी म्हटलं निदान माझं चित्र तरी द्या. त्यावर तिथली मुलगी जे बोलली तेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. ती म्हणाली, चित्र देईन, पण त्यात मायग्रेन शोधू नका, एका माणसाच्या चित्रात ते वाचता येत नाही, आम्ही गटाची सरासरी काढतो. दोन गटांच्या सरासरीत बारीक फरक असतो आणि प्रत्येक गटातली माणसं एकमेकांपासून त्याहून जास्त वेगळी असतात. उंचीचं बघा ना, पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा जास्त आहे म्हणून नुसत्या उंचीच्या आकड्यावरून समोरचा पुरुष आहे की बाई हे शपथेवर सांगता येतं का?

दादाला सांगितलं तर म्हणाला, "बघ, शास्त्रज्ञांनीपण तुला बाद केलं."

आता त्या सरासऱ्यांमध्ये काय सापडलंय ते थोडक्यात. तंतूंच्या बाबतीत निकाल एकमेकांशी भांडतात, काही अभ्यासांत फरक आहे, काहींत उलट्या दिशेला आहे, काहींत नाहीच. २००७ मध्ये संवेदना ओळखणारा मेंदूचा पापुद्रा मायग्रेनवाल्यांमध्ये जाड आढळला होता. पण जाड म्हणून दुखतं की दुखून दुखून जाड झाला हे एका स्कॅनवरून कळत नाही, आणि ही गोष्ट बातम्यांमध्ये कधीच लिहीत नाहीत. मला स्वतःला सरासऱ्यांपेक्षा एकाच माणसाच्या मागे लागून केलेले अभ्यास जास्त पटतात. २०१६ मध्ये जर्मनीत एका पेशंटचा ३० दिवस रोज स्कॅन केला, तर दुखायला लागायच्या आदल्या २४ तासांत हायपोथॅलॅमसचं (मेंदूच्या तळाशी असलेला, झोप-भूक सांभाळणारा छोटा भाग) वागणं बदललेलं दिसलं. म्हणजे दुखायच्या आदल्या दिवशी मला येणाऱ्या त्या जांभया आणि चिडचिड हे नखरे नव्हते, दादा.

आणि ऑरा. लॅशली नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतःचाच ऑरा कागदावर काढून १९४१ मध्ये हिशोब मांडला की मेंदूच्या मागच्या भागात काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटरने सरकतंय. १९४४ मध्ये लिआओ नावाच्या संशोधकाला सशाच्या मेंदूवर तशीच सावकाश सरकणारी लाट सापडली. २००१ मध्ये व्यायामाने हुकमी ऑरा आणू शकणारा एक माणूस मिळाला, त्याला एफएमआरआयमध्ये (मेंदू काम करतानाचे बदल टिपणारा एमआरआय) घातलं, तर लाटेचा वेग मिनिटाला साधारण साडेतीन मिलिमीटर आला. साठ वर्षं आधी कागद-पेन्सिल आणि घड्याळ घेऊन बसलेला माणूस बरोबर होता! मीपण तेव्हापासून ऑराची वेळ लिहून ठेवते, आणि माझ्या डॉक्टरांनी त्या वहीला स्कॅनपेक्षा जास्त भाव दिला. मायग्रेनचं निदान आजही लक्षणांवरच होतं, किती अटॅक, किती तास, एका बाजूला की दोन्ही, ठणकतं का, उजेड-आवाज सोसतो का.

एक राहिलं, स्कॅनमध्ये कधीकधी पांढरे ठिपके निघतात आणि माणूस घाबरतो. नेदरलँड्समध्ये एका मोठ्या गटाला सुमारे ९ वर्षांनी परत तपासलं, मायग्रेनवाल्या बायकांमध्ये ते ठिपके जास्त वाढले होते, पण स्मरणशक्ती, बुद्धी खालावण्याशी त्यांचा संबंध जोडता आला नाही. तेव्हा ठिपके बघून रात्रभर जागू नका, जागरणाने अटॅक नक्की येईल.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. वर स्कॅनला एवढं बोलले म्हणून तो टाळू नका. अचानक, सेकंदात कळस गाठणारी डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, सोबत ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, किंवा नेहमीच्या दुखण्याचा ढंगच बदलणं, यातलं काही असेल तर आजच दाखवा, तिथे एमआरआय किंवा सीटी बहुतेक लागेलच. आणि साध्या पेनकिलर महिन्यात पंधरा दिवस, ट्रिप्टान (खास मायग्रेनच्या गोळ्या) दहा दिवस एवढ्यावर महिनोन्महिने जात असाल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, तेही सांगा डॉक्टरांना.

घरच्यांसाठी मात्र करू नका. आणि डॉक्टरांनी सांगितला म्हणून करावा लागलाच, तर रिपोर्ट आधी स्वतः वाचा, मोठ्याने वाचायला कोणाच्या हातात देऊ नका.