पंचांचे गुडघे आणि पंचांचं पोट

प्रश्न : कुडाळजवळच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. वय ४६, वजन १०४ किलो. शालेय बेसबॉल स्पर्धांत प्लेटमागे (बॅटर म्हणजे फलंदाज जिथे उभा राहतो, तिथल्या जमिनीतल्या पाटीमागे) पंच म्हणून उभा राहतो. चौथ्या इनिंगपासून मांड्या भरून येतात, मग गुडघ्यांवर हात टेकतो. परवा कुंपणाबाहेरून कोणीतरी ओरडलं, "पंचानू, वाकूक जमना नाय काय?" हात टेकणं चूक आहे का? वजनामुळे निर्णय चुकतात का?

उत्तर : ओरडणाऱ्याला एकदा मास्क घालून ऑक्टोबरच्या उन्हात उभं करा, म्हणजे गप्प बसेल! हात टेकण्यात काडीचाही कमीपणा नाही. अमेरिकेच्या मेजर लीगमधले, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधले, पंच जेरी डेव्हिस कॅचरपासून (प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्यापासून) जरा मागे, पाय फाकवून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून उभे राहत. ती ढब आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फायदा असा की डोकं प्रत्येक चेंडूला त्याच उंचीवर येतं. तुम्ही मात्र दमल्यावर हात टेकता. तसं नको. टेकायचे तर पहिल्या चेंडूपासून टेका.

कारण निर्णय बिघडतो तो इथेच. वजनाने नजर अधू होत नाही, पण दमलेल्या मांड्या डोकं वरखाली करतात. स्ट्राइक झोनची, म्हणजे चेंडू योग्य धरला जातो त्या पट्ट्याची, खालची हद्द म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालची खळगी. पहिल्या इनिंगला तिथून गेलेला चेंडू तुम्ही स्ट्राइक देता, पाचव्या इनिंगला डोकं वर गेलेलं असतं आणि तोच चेंडू बॉल, म्हणजे झोनबाहेरचा, ठरतो. पिचर (चेंडू टाकणारा) चिडतो, ते रास्तच आहे.

फार खाली बसणंही बरं नाही. कॅचरच्या आडोशाने बाहेरचा कोपरा दिसेनासा होतो. हनुवटी साधारण कॅचरच्या हेल्मेटच्या माथ्याला, उभं राहणं कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीत. पाय खांद्यांपेक्षा रुंद, बॅटरच्या बाजूचा पाय किंचित पुढे. पिचरच्या हातातून चेंडू सुटण्याआधी स्थिर व्हा आणि निर्णय दिला की सरळ उभे राहा. दोन चेंडूंच्या मधे वाकून राहणारे पंच मी पुष्कळ पाहिलेत, गुडघे तिथेच जातात.

आता पोटाचं. त्याबद्दल मी गोड बोलणार नाही. १ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हंगामाच्या पहिल्याच सामन्यात जॉन मॅकशेरी हे नावाजलेले पंच सात चेंडूंनंतर प्लेटमागून चालत निघाले आणि कोसळले. हृदयविकाराने गेले. वय ५१, वजन दीडशे किलोच्या आसपास. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे जायचं होतं. तुमचं वजन त्यांच्याइतकं नाही, मान्य. तरी मोसम सुरू होण्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. चढाला धाप लागते किंवा छाती जड वाटते, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत मास्क कपाटात.

व्यायामाला जिम शोधत बसू नका. गावातली पाखाडी (दगडी पायऱ्यांची चढाची वाट) रोज सावकाश चढा. उतरताना गुडघे कुरकुरत असतील तर डांबरी रस्त्याने वळसा घालून या. किनारा जवळ असेल तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर चाला, भुसभुशीत वाळू सध्या नको. घरी खुर्चीवरून हात न लावता उठा, बसा, आणि बसताना मुद्दाम वेळ घ्या. मांड्यांना ताकद त्यानेच येते.

जेवणात मासे राहू देत, फक्त तळलेल्याऐवजी कालवणातले, आणि भाताचा दुसरा ढीग नको. सामन्याच्या सकाळी मीठ घातलेली पेज उत्तम. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून दर इनिंगनंतर पाणी प्याच.

छातीच्या पॅडचे पट्टेही तपासा. पोटामुळे पॅड वर सरकलं की गळ्याला टोचतं आणि मान मागे जाते. लांब पट्टे शिवणाऱ्याकडून करून घ्या, स्वस्तात होतात.