फांदी पडून फुटलेला कॅम्पर ट्रेलर घरच्या फायबरने दुरुस्त होईल का?

आंब्याची फांदी कोसळून छताचा मागचा कोपरा फुटलेला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, घरीच फायबरचे भाग बनवून दुरुस्त करता येईल का, असे आपण विचारले आहे. करता येतो. म्हापशाजवळ घराच्या अंगणात मी तसाच एक दुरुस्त केला आहे. मात्र नवा कोपरा घडवण्यापेक्षा जुन्या भिंतीत मुरलेले पाणी शोधण्यातच माझे अधिक दिवस गेले.

बाहेरून भोक वीतभर दिसत होते, पण पत्रा सोलल्यावर आतले प्लायवूड हातभर अंतरापर्यंत चहात बुडवलेल्या पावासारखे बोटाने निघू लागले. स्क्रूड्रायव्हरने टोचत जावे आणि कडक, कोरडे लाकूड लागेपर्यंत सगळे निःसंकोच कापावे. ओलावा आत ठेवून वर फायबर चढवले, तर कूज दिसेनाशी होते, थांबत नाही. खालची लोखंडी चौकट वाकली असेल, तर आधी वेल्डरला दाखवावी.

माझी पहिली फजिती अशी की, थर्माकोलचा कोपरा कोरून त्यावर मी नेहमीचे पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबरला कडक करणारा चिकट द्रव, लावले आणि पाहता पाहता तो विरघळून खड्डा पडला, कारण त्या रेझिनमधील स्टायरीन थर्माकोल खाते. इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचे रेझिन थर्माकोल खात नाही. म्हणून दुसऱ्यांदा थर्माकोलला पॉलिश पेपरने आकार दिला, त्यावर काचेच्या विणलेल्या कापडाचे तीन थर इपॉक्सीत भिजवून बसवले आणि थर्माकोल आतच राहू दिला. वेगळा साचा लागलाच नाही. इपॉक्सी महाग पडते हे खरे, पण एका कोपऱ्यापुरता तो खर्च मला योग्य वाटतो. दुकानदार स्वस्त चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची न विणलेली चटई, पुढे करील, ती इथे घेऊ नये. तिचे तंतू धरून ठेवणारा चिकटा सहसा स्टायरीनमध्येच विरघळतो, त्यामुळे इपॉक्सीत ती वळणावर नीट बसत नाही.

जुन्या-नव्याचा सांधा कडेला कड लावून करू नये. जुनी कड जाडीच्या बारा पट लांब उतरती घासावी, म्हणजे 3 मिलिमीटरच्या थराला सुमारे 36 मिलिमीटर. घासताना मास्क व चष्मा हवाच. बिजागरी किंवा बोल्ट येणार असेल तिथला थर्माकोल कोरून काढावा, पोकळी भुकटी मिसळलेल्या घट्ट इपॉक्सीने भरावी आणि ती कडक झाल्यावरच भोक पाडावे. नाहीतर बोल्ट आवळताच भिंत दबते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊच नये. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते आणि पुढचा थर तिच्यावर धरत नाही. मी डिसेंबरात काम केले, तरीही पहाटेच्या दवानंतर ती दिसली. साध्या पाण्याने व घासणीने धुऊन, वाळवून, पुन्हा घासल्यावरच पुढचा थर द्यावा. शेवटी पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग अवश्य द्यावा, कारण उघडे इपॉक्सी उन्हाने पिवळे पडून भुरभुरते.