अमेरिकेत केंद्र सरकारी नोकरी घरून केली तर पगार कुठल्या शहराचा मिळतो? ऑफिसला जायचं भाडं मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की यजमानांचं ऑफिस वॉशिंग्टनला, घर फ्लोरिडात टॅम्पाला. वॉशिंग्टनचा पगारही राहील आणि महिन्यातून एकदा जायचं विमानभाडंही मिळेल, अशी आशा आहे. दोन्ही एकदम मिळत नाही.

मी इथे सरकारी खात्यात आस्थापनेचं काम केलंय, हा प्रश्न दर आठवड्याला यायचा. आपल्याकडे मुंबईचा घरभाडे भत्ता वेगळा, नागपूरचा वेगळा, तसा इथे मूळ पगारावर 'लोकॅलिटी पे' चढतो. (तो घरभाड्यावर नाही, त्या भागातल्या केंद्र सरकारबाहेरच्या नोकऱ्यांच्या पगारांवर ठरतो.) २०२५ च्या तक्त्यात वॉशिंग्टनला ३३.९४ टक्के. टॅम्पाला स्वतंत्र दर नाही, ते 'उर्वरित अमेरिका' या खात्यात जातं, १७.०६ टक्के. मूळ पगार ७५,००० डॉलर धरा, वर्षाला साडेबारा हजारांवर फरक पडला!

आता ठरतं कशावर? पगार दर १४ दिवसांनी होतो. त्या १४ दिवसांत यजमान किमान दोनदा ऑफिसात हजर राहिले, तर कामाचं ठिकाण वॉशिंग्टन. हे टेलिवर्क. पगार वॉशिंग्टनचा, पण घर ते ऑफिस हा रोजचाच प्रवास समजला जातो, मग तो बसने करा की विमानाने, पैसे स्वतःचे. महिन्यातून एकदाच गेले तर ते रिमोट. कामाचं ठिकाण घर, पगार टॅम्पाचा, आणि ऑफिसने बोलावलं की तो सरकारी दौरा: विमानभाडं, हॉटेल, दैनिक भत्ता सगळं मिळतं. आजारपण किंवा आपत्तीत दोनदाच्या अटीला तात्पुरती सूट असते, पण साहेबांच्या तोंडी परवानगीने ती मिळत नाही.

एका सहकाऱ्याने कागद न बदलता गाव बदललं. पगार जुनाच येत राहिला आणि मग जादा दिलेली रक्कम वसुलीला लागली. आमच्याच कार्यालयाने हजेरी वेळेत तपासली नव्हती, पण हप्ते त्याच्या पगारातून कापले गेले.

शिवाय २० जानेवारी २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर सगळ्यांना पूर्णवेळ ऑफिसात बोलावलंय, सूट खातेप्रमुखाच्या हातात. त्यामुळे यजमानांना आधी घरून कामाची लेखी मंजुरी घ्यायला सांगा आणि नेमणुकीच्या एसएफ-५० फॉर्मवर 'ड्यूटी स्टेशन' (म्हणजे कामाचं ठिकाण) समोर कोणतं शहर छापलंय ते बघा. तिथे टॅम्पा असेल तरच तिकिटाचं बिल लावा.