क्लास न लावता गिटार शिकून पुण्यात रॉक-ब्लूज बँडमध्ये वाजवता येतं का? त्यावर पोट भरतं का?

वाजवता नक्की येतं. पोट माझं तरी त्यावर भरलेलं नाही. सकाळी मी अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाकडे हिशेब लिहितो, संध्याकाळी गिटार. सव्वीस वर्षं झाली.

तुम्ही लिहिलंय की तेवीसाव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला. अजिबात नाही. हात कधीही तयार होतो. दीड-दोन महिने बोटांची टोकं सोलवटतात, मग घट्टे पडतात आणि तार टोचायची थांबते. खरा वेळ लागतो तो कानाला.

मी शिकलो तेव्हा यूट्यूब नव्हतं. कॅसेट मागे-पुढे करत एकेक ओळ उचलायची. घरी आईची पेटी होती. पांढरी तीनचा सूर धरून जाडी सहावी तार लावायची आणि तिच्यावरून बाकीच्या. पण कॅसेटबरोबर वाजवायला गेलं की जुळायचंच नाही. आमचा टेप जरा जलद चालायचा, हे मला कळलं नाही. मी पेटी सोडली आणि गिटार टेपला लावली. दोन वर्षं मी सगळं चढंच वाजवत होतो. फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमीला पहिल्यांदा कीबोर्डवाल्याशेजारी बसलो, त्याने एक सूर दाबला, मी तोच वाजवला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या रात्री झोप लागली नाही. गुरू असता तर ही चूक पाच मिनिटांत सुटली असती. एकट्याने शिकण्याची किंमत ही असते, आपल्याला ऐकणारं कुणी नसतं.

म्हणून बेंडिंगचा, म्हणजे तार ढकलून सूर चढवण्याचा, एक धडा आत्ताच देतो. तिसऱ्या तारेवर सातव्या पट्टीत (फ्रेटमध्ये) बोट ठेवा आणि तार वर ढकला. कुठवर? दुसऱ्या तारेच्या पाचव्या पट्टीत जो सूर आहे, तिथवर. आधी तो वाजवून ऐका, मग खेचा, मग पुन्हा ताडून बघा. नुसत्या मधल्या बोटाने होत नाही, मागे आणखी एका बोटाचा आधार द्या आणि मनगट वळवा. घरात कुणी शास्त्रीय ऐकत असेल तर त्यांना विचारा, ब्लूजमधले हे मूळ पाच सूर म्हणजे आपला धानी राग. ए (A) हा सूर सा धरला तर तुम्ही आत्ता मध्यमावरून पंचमावर गेलात. कोमल गंधार मात्र किंचितच वर न्यायचा, शुद्धापर्यंत पोहोचू द्यायचा नाही. सगळं दुखणं त्या मधल्या जागेत आहे.

बाकीचं मला बँडने शिकवलं. ब्लूजचं आवर्तन बारा बारचं असतं (एक बार म्हणजे साधारण चार मात्रा), चार-चार बारच्या तीन ओळी. साधारणपणे गाणारा प्रत्येक ओळीतले पहिले दोन बार घेतो, उरलेल्या दोनांत गिटार उत्तर देते. मी बाराही बार वाजवत सुटायचो. आमचा ड्रमवाला एकदा काठ्या खाली ठेवून म्हणाला, "अरे, तिला बोलू दे की!" आमची गायिका शांतपणे उभी होती. त्यानंतर मी गप्प राहायला शिकलो, आणि ते बेंडिंगपेक्षा अवघड आहे.

२०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गाय आले होते, वय चौऱ्याहत्तर. घरी बनवलेल्या दोन तारांच्या वाद्यावर स्वतःच शिकलेला हा माणूस. मी पहाटेची गाडी पकडून गेलो. एका जागी त्यांनी आवाज इतका खाली आणला की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा. मी सगळ्यात जास्त शिकलो ते त्या रात्री.

पैशांचं स्पष्ट सांगतो. गेल्या महिन्यात दोन कार्यक्रम झाले, चौघांत वाटून माझ्या हाती पाच हजार आले. जॅमपॅडचं, म्हणजे तालमीच्या खोलीचं, भाडं आणि तारा त्यातूनच. सुरुवातीला एका पबने "तुमची माणसं आणा" म्हणून बोलावलं आणि शेवटी एक पैसा दिला नाही. आता आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय मी अ‍ॅम्प स्कूटरवर चढवत नाही. हिंदी गाण्यांच्या बँडला काम जास्त मिळतं, आणि त्यात कमीपणा काही नाही, माझे मित्र उत्तम वाजवतात. पण मला ब्लूज वाजवायचा असतो, म्हणून मी नोकरी सोडली नाही. हा निर्णय मी रोज नव्याने घेतो आणि रोज आनंदाने घेतो.

तुम्ही आणखी सहा महिने घरी तयारी करून मग बँड शोधणार म्हणताय. तसं करू नका. तीन कॉर्ड स्वच्छ येत असतील तर या रविवारीच एखादा बेसवाला गाठा. त्याच्यासोबत ई, ए, बी एवढ्यावर बारा बार अर्धा तास सलग वाजवा, सोलो न घेता. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना गिटारकडे नाही, बेसकडे कान द्या.