पिकअपची थरथर नेमकी कुठून?
वेगात पिकअप थरथरते म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. मोकळ्या, सरळ रस्त्यावर जिथे थरथर सुरू होते तो वेग गाठून गाडी न्यूट्रल करा, आणि इंजिनाचे फेरे उतरल्यावरही थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिनात नसून प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा), चाके किंवा टायर यांत शोधावा. गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज येत असल्यास शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याचा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा, अधिक चिन्हाच्या आकाराचा क्रॉस हाताने हलवून पाहा (चाकांमागे ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नये). शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर मधल्या आधाराचे, म्हणजे सेंटर बेअरिंगचे, रबरही तपासा. शाफ्ट सोडण्यापूर्वी सर्व जोडांवर खुणा करायला मात्र विसरू नका, कारण स्प्लाइन (एकमेकांत बसणारे दाते) चुकीच्या जागी बसली की नवीच थरथर पदरी पडते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच चढणारी आणि सोडताच बदलणारी मागची गुणगुण बहुधा क्राउन-पिनियनची (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीची) असते.