टेबल सॉचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ४१ वर्षांचे आहेत, खासगी नोकरी आहे, हातात महिना ८५ हजार येतात. घरी पत्नी, ११ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा. सुतारकामाचा नाद आहे आणि हात बसलेला आहे. मुलीचं अभ्यासाचं टेबल, मुलाच्या खेळण्यांचा रॅक, बैठकीतलं पुस्तकांचं कपाट, सगळं घरीच केलंय. आता टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत), प्लेनर (रंधा मारणारं यंत्र) आणि भुसा ओढणारं यंत्र अशी मिळून १ लाख ८० हजारांची खरेदी करायची आहे. २४ महिन्यांचे हप्ते घेऊ (व्याज १५ टक्के), की विमा पॉलिसीवर कर्ज काढू, एवढंच विचारलंय. यंत्रं आली की नातेवाइकांच्या ऑर्डरी घेऊन महिना १५ हजार सुटतील आणि हप्ता आपोआप भागेल, असा हिशोब आहे.

पत्राच्या शेवटी, जाता जाता, पॉलिसीची माहिती दिलीय. साडूंनी तीन वर्षांपूर्वी 'मुलीच्या शिक्षणासाठी' करून दिली. वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख हमखास. विमा रक्कम १० लाख. तीन हप्ते भरलेत, चौथा पुढच्या महिन्यात. आणि हे वाक्य: 'ही घेतली तेव्हा जुनी १ कोटीची टर्म पॉलिसी बंद केली, कारण त्यात परत काहीच मिळत नव्हतं.'

टेबल सॉ जरा बाजूला ठेवू या. तुमच्या डोक्यावर २४ लाखांचं गृहकर्ज आहे. घरखर्च महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हातात १० लाख आणि थोडाफार बोनस येईल. त्यात कर्जाचा निम्मा भागही फिटत नाही. कर्जाकडे बघितलंच नाही, तरी दीड-पावणेदोन वर्षांत रक्कम संपली. मुलगा तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. तो २४ वर्षांचा होईपर्यंतचा खर्च आणि कर्ज धरलं तर गरज १ कोटी ३० लाखांच्या पुढे जाते, तीही महागाई न धरता. तीन वर्षं तुमचं कुटुंब जवळजवळ उघड्यावर आहे आणि आपण चर्चा करतोय ती प्लेनरची.

'परत काहीच मिळत नाही' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की आता चिडायचाही कंटाळा येतो. टर्म म्हणजे फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा विमा. वर्षाला १४ हजार भरून १ कोटीची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत होती. परत मिळालं नाही म्हणजे तुम्ही जिवंत आहात. याहून चांगला परतावा कुठला हवाय?

आता त्या 'हमखास' २० लाखांकडे बघू. दहा वर्षं एकेक लाख भरायचा. पहिला लाख वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी धरली तर साडेपंधरा वर्षांत पैसे दुप्पट. ७२ ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की अंदाजे व्याजदर मिळतो. साडेपंधराने भागा: साडेचार टक्क्यांच्या आसपास. तुमचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे. म्हणजे साडेआठने घेतलेलं कर्ज फेडायचं सोडून तुम्ही साडेचारने पैसे ठेवताय.

आणि ही मुलीच्या शिक्षणासाठी? तारीख तरी बघायची होती. पैसे हातात येतील तेव्हा ती २८ वर्षांची असेल. करबचतीचं म्हणाल, तर तुम्ही नव्या करपद्धतीत आहात असं स्वतःच लिहिलंय. तिथे विम्याच्या हप्त्यावरची ८०सीची वजावट मिळतच नाही.

पुढे काय? कंपनीकडून लेखी तीन आकडे मागवा: आजची सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मोडली तर हातात येणारी रक्कम), पेड-अप केली (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर तशीच ठेवली) तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम, आणि चालू ठेवली तर मिळणारी रक्कम. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची असेल तर तिसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के परत द्यायचा नियम होता. त्यानंतर लागू झालेल्या नियमांनी सरेंडर करणाऱ्याची बाजू सुधारली, पण तुमची खरेदी आधीची दिसते. बोनस धरून हातात १ लाख २० हजार येतील असं समजू. भरले ३ लाख, गेले १ लाख ८० हजार. तुमच्या तिन्ही यंत्रांची किंमत, अगदी तेवढीच.

इथे बहुतेकांचा पाय अडकतो. 'एवढे भरलेत तर पूर्णच करू.' तोकडी कापलेली फळी रंधा मारून लांब होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेलेले पैसे हिशोबातून काढा आणि आजपासून मोजा. आज मिळू शकणारे १ लाख २० हजार सोडायचे, वर आणखी ७ लाख भरायचे आणि १७ वर्षांनी २० लाख घ्यायचे. हा परतावा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास येतो. आधीच्या साडेचारपेक्षा बरा दिसतो खरा, कारण नुकसान सोसून झालंय, पण साडेआठ टक्क्यांच्या कर्जापुढे तोही हरतो. पेड-अप केली आणि १७ वर्षांनी ३ लाखांच्या आसपास मिळाले असं समजलं, तर साडेपाच टक्के. माझा कौल सरेंडरला आहे. पण नवं संरक्षण सुरू झाल्याशिवाय सरेंडरच्या अर्जावर सही करू नका. चौथा हप्ता मात्र भरू नका.

संरक्षणासाठी आधी जुन्या टर्म पॉलिसीच्या कंपनीला विचारा. बंद पडलेली टर्म पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येते. थकलेले हप्ते म्हणजे ४२ हजार, वर व्याज, प्रकृतीचं निवेदन, कदाचित तपासण्या. हप्ता मात्र ती पॉलिसी घेतली त्या ३५ व्या वर्षीच्या दराने राहतो. शेजारी ४१ व्या वर्षीच्या नव्या पॉलिसीचा दर ठेवा, उरलेल्या वर्षांचा एकूण खर्च काढा आणि स्वस्त असेल ती घ्या. ५० लाखांची आणखी एक जोडलीत तर मला जास्त झोप लागेल. अर्जात रक्तदाबापासून सिगारेटपर्यंत सगळं खरं लिहा. दोन्ही मार्गांत दाव्यावर शंका घेण्याची तीन वर्षांची मुदत नव्याने मोजली जाते.

साडूंना काय सांगायचं? चौथा हप्ता भरत नाही, एवढंच. त्यांच्या कमिशनचा मोठा वाटा पहिल्याच वर्षी मिळून गेलाय.

आता तुमचा मूळ प्रश्न. पॉलिसीवर कर्ज सरेंडर व्हॅल्यूच्या ८०-९० टक्के मिळतं, म्हणजे फार तर लाखभर. १ लाख ८० हजार त्यातून उभेच राहत नाहीत, तो पर्याय बाद. हप्त्यांचं बघा: महिना ८,७०० च्या घरात, दोन वर्षांत व्याज ३० हजारांजवळ. तुमच्याकडे उरतं किती? ८५ मधून ५० घरखर्च, २४ गृहकर्ज, ८ हजार ३०० पॉलिसीचे. शिल्लक २,७००. बँकेत ९० हजार. हा हप्ता बसत नाही.

राहिली ऑर्डरींची कमाई. मामेभावाला केलेल्या कपाटाचे आकडे तुम्हीच दिलेत: लाकूड-प्लाय ९ हजार, विकलं १४ हजाराला, चार रविवार लागले. सुटले ५ हजार, त्यातून पॉलिश पेपर, स्क्रू, ग्लू, पॉलिश वजा व्हायचंय. १५ हजार सुटायला महिन्याला तीन कपाटं, म्हणजे बारा रविवार. टेबल सॉने वेळ वाचेल म्हणता, पण त्या चार रविवारांत फळ्या कापण्यात किती गेला? अर्धी सकाळ. बाकी वेळ सांधे जुळवणं, ग्लू सुकेपर्यंत क्लॅम्प लावून थांबणं, घासणं, पॉलिशचा एक हात, वाळवणं, पुन्हा घासणं, दुसरा हात. यातलं काहीच टेबल सॉ करत नाही. आणि घासायला मुलगी शेजारी बसते म्हणून तुम्हाला रविवार आवडतो, असंही पत्रात आहे. तो रविवार तुम्ही ताशी सव्वाशे रुपयांना विकायला काढलाय, आणि तेही पॉलिश पेपरचा खर्च न धरता.

नाद सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. चौथा हप्ता थांबला की आधीची शिल्लक धरून महिन्याला ११ हजार मोकळे होतात. दीड हजार टर्म आणि अपघात विम्याला. साडेसात हजार आणीबाणीच्या निधीला. टर्मची थकबाकी भरून, बँकेतले आणि सरेंडरचे मिळून पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर उरतील. सहा महिन्यांचा खर्च आणि गृहकर्जाचा हप्ता धरून साडेचार लाख होईपर्यंत तीनेक वर्षं जातील. उरलेले दोन हजार तुमच्या सुतारकामाचे, वर्षाला २४ हजार, त्याचा जाब कोणी विचारायचा नाही. त्यातून आधी हातातली सर्क्युलर सॉ, तिला सरळ चालवायला गाइड आणि चांगले क्लॅम्प घ्या. प्लायचे मोठे कट दुकानातच मारून घ्या.

अपघात विमा मुद्दाम सांगतोय. टर्मचे पैसे मृत्यूनंतर मिळतात, बोट गेलं तर नाही. वैयक्तिक अपघात विम्यात कायमच्या अपंगत्वाला ठरलेल्या टक्केवारीने भरपाई असते. काही पॉलिसींत कामावर जाता येत नाही तेवढ्या आठवड्यांचे पैसेही मिळतात, ते कलम बघून घ्या. पुढेमागे टेबल सॉ घेतलीच तर रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, काप मिटू न देणारी पट्टी) आणि पात्यावरचं कव्हर काढून काम करू नका. फळी पात्यात आवळली की उलटी अंगावर येते, आणि तुमचा मुलगा त्याच खोलीत गाड्या खेळतो. ऑर्डरी नियमित घ्यायच्या ठरल्या तर विम्याच्या अर्जात हा जोडधंदाही लिहा.

मामेभावाची दुसऱ्या कपाटाची ऑर्डर घेतली असेल, तर लाकडाचे ९ हजार आधी घ्या.