एनएडी प्लसची पावडर फ्रीजरमध्ये ठेवूनही खराब का होते?

एनएडी प्लस म्हणजे पेशीत अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू; प्रयोगांसाठी त्याची पावडर वापरतात. ती खराब होण्यात बहुतेक वेळा दोष फ्रीजरचा नसतो, बाटली उघडण्याच्या घाईचा असतो. ही पावडर हवेतली आर्द्रता पटकन शोषते. उणे २० अंशांवरून काढलेली बाटली लगेच उघडली की आत दव धरतं, पावडरीचे गोळे होतात आणि तिथून विघटन सुरू होतं. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. सिलिका जेलची पुडी सोबत हवीच.

द्रावण करताना पीएचकडे (ते किती आम्ल वा अल्कली आहे याच्या मापाकडे) मात्र अनेकांचं दुर्लक्ष होतं. एनएडी प्लस सौम्य आम्लात बऱ्यापैकी टिकतं, अल्कलीत तुटतं. त्याचंच इलेक्ट्रॉन घेतलेलं रूप, एनएडीएच, नेमकं उलट: आम्लात झटपट नासतं. तेव्हा दोघांना एकच बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) लावून महिनाभर वापरायचा बेत सोडा. ताजं करा, बर्फात ठेवा. उरलंच तर छोटे भाग करून गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

शंका असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) तपासा. नुसता २६० नॅनोमीटरचा आकडा फसवा आहे, कारण तुटलेले तुकडेही तिथे प्रकाश शोषतात. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम आणि भरपूर इथेनॉल घालून, किंचित अल्कधर्मी पीएचला ३४० नॅनोमीटरच्या शोषणातली वाढ मोजा; यात शाबूत एनएडी प्लसचं एनएडीएच होतं आणि तेच ३४० ला प्रकाश शोषतं. १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक डबीत) ती ६२२० ने, म्हणजे एनएडीएचच्या शोषणांकाने, भागली की क्युव्हेटमधल्या शाबूत एनएडी प्लसची मोलर तीव्रता (मोल प्रति लिटर) मिळते.